चुकलेल्या खुणेची चकती
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



गणरायाला आपण चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती म्हणतो. मुलांच्या बाबतीत मात्र काळजी करतो ती फक्त विद्येची. हाताने काही करणे ही फावल्या वेळची गोष्ट! प्राथमिक शाळेत शिकवताना माझेही मत तेच होते. ते बदलले तिसरीतल्या एका मुलाने.

आपल्या इंदूरची अनंत चतुर्दशी म्हणजे रात्रभर झांक्या. कापड गिरण्यांच्या कामगारांनी ही परंपरा उभी केली. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, पुढे इतर गिरण्याही बंद झाल्या, पण कामगारांनी झांक्या सोडल्या नाहीत. आपण दिव्यांची रोषणाई पाहतो, मुले विचारतात, "ती मूर्ती हात कसा हलवते?"

त्या वर्षी मी वर्गात पुठ्ठ्याच्या गाड्या करायला घेतल्या होत्या. चाकाच्या मधोमध मुलांनी खूण करायची, दाभणाने भोक मी पाडायचे. या मुलाची खूण बरीच बाजूला पडली. मी म्हटले, "चुकलं. ही टाक, दुसरी घे." त्याने दुसरी घेतली, पण पहिली चकती गुपचूप दप्तरात ठेवली.

दोन दिवसांनी तो बुटांचे खोके घेऊन आला. खोक्यात आडवी विणायची सुई, सुईवर तीच चकती. चकतीवर बाटलीचे झाकण टेकलेले, झाकणाला उभी झाडूची काडी, ती खोक्याच्या वरून बाहेर आलेली आणि टोकाला कागदाची चिमणी. सुई फिरवली की चिमणी वर-खाली! भोक मधोमध असते तर चिमणी जागची हललीच नसती.

मी विचारले, "कोणी करून दिलं?" त्याचे आजोबा गिरणीत होते, झांकीच्या कामालाही जात. तो म्हणाला, "भोक आजोबांनी पाडलं, बाकी मी केलं. आधी काडी वाकडी व्हायची, मग पेनाची रिकामी नळी बसवली. आता सरळ जाते."

मंडळी, या तीन वाक्यांत सगळे आले. काय हवे ते ठरवणे, करून पाहणे, कुठे बिघडते ते शोधणे आणि दुरुस्त करणे. तंत्रज्ञान म्हणजे फक्त कॉम्प्युटर नव्हे, तंत्रज्ञान हेच. आणि मी ते जवळजवळ कचऱ्याच्या टोपलीत टाकले होते. ती खंत अजून जात नाही, कारण अशा किती चकत्या मी टाकायला लावल्या असतील, कोण जाणे.

हे काम आपल्या प्रदेशाला नवे नाही. होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायला सुरुवात केली. पुढे 'एकलव्य' संस्थेने ते काम वाढवले. १९७८ मध्ये तेथे आलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांतून मुलांना भूमितीचे आकार करायला शिकवले. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. हे एकदा बोटांना कळले की पूल आणि छप्पर यांत त्रिकोण का असतात हे पाठ करावे लागत नाही. तो शालेय कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला, पण काड्या आणि नळ्या कोणी बंद करू शकत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. स्वागत आहे. पण हात सहावीपर्यंत थांबत नाहीत. पहिलीचे मूल घडी घालू शकते, दुसरीचे पट्टीने मापू शकते, तिसरीचे आधी चित्र काढून मग वस्तू करू शकते. लागते काय? पुठ्ठा, सुतळी, बोथट कात्री आणि धीर धरणारा मोठा माणूस. यातली शेवटची वस्तूच दुर्मिळ आहे!

म्हणून मंडळाला एक विनंती. आपल्या मॉडेल स्पर्धेत दरवर्षी सुबक मॉडेल्स येतात आणि ती कोणी केली हे आपल्या सर्वांना ठाऊक असते. (हशा) पुढच्या वर्षी मुलांनी याच सभागृहात बसून वस्तू करावी. आई-बाबांनी बाहेर चहा घ्यावा. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारावा, "काय बिघडलं आणि तू काय केलंस?" बक्षीस त्या उत्तराला द्यावे. वस्तू वाकड्या होतील. होऊ द्याव्यात.

तो मुलगा पुढे काय झाला, असे मला विचारतात. मला ठाऊक नाही. त्याने मला काय शिकवले, एवढे मात्र पक्के ठाऊक आहे.

गणपती बाप्पा मोरया!