अर्धा तास आणि उरलेला दिवस

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पण आज सुरुवात माझ्या घरापासून करते.

बाबांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. घरी आणल्यावर माझा एक सहकारी रोज सकाळी अर्धा तास व्यायाम घ्यायला यायचा. त्यानंतर आई भरवायची, भाऊ शर्टाची बटणं लावायचा. आणि मी? "त्यांचं त्यांना करू द्या," असं घरोघरी सांगणारी मी चहाचा कप त्यांच्या तोंडाला लावायचे. तीन आठवड्यांनी एका रात्री हिशेब मांडला. व्यायामाचा अर्धा तास सोडला तर त्या हाताने दिवसभरात काय केलं? काहीही नाही.

मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण उरलेला मेंदू काही कामं नव्याने शिकू शकतो, आणि तो शिकतो सरावाने. सराव म्हणजे किती? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या कॅथरीन लँग यांच्या गटाने रुग्णांची थेरपी बघून चक्क मोजदाद केली. हाताने काहीतरी काम करण्याचा सराव एका सत्रात सरासरी फक्त ३२ वेळा होत होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले, तिथे हा आकडा काहीशे होता.

म्हणजे आपण औषध बरोबर देतो, पण थेंबभर देतो.

जास्त दिलं तर? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्साइट' या अभ्यासात २२२ रुग्ण होते. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेले, हातात थोडी हालचाल शिल्लक असलेले. त्यातल्या एका गटाचा चांगला हात जागेपणी बहुतेक वेळ मोज्यात अडकवून ठेवला आणि दुबळ्या हाताकडून दोन आठवडे, रोज सहा तासांपर्यंत सराव करून घेतला. त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि ती सुधारणा वर्षभर टिकली. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ मध्ये प्रत्येक थेरपीसाठी किमान ४५ मिनिटं सुचवली होती. २०२३ मध्ये सगळ्या थेरपी मिळून दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस, अशी शिफारस केली.

मग पहिल्याच दिवसापासून जोर लावायचा का? नाही. २०१५ चा 'ॲव्हर्ट' अभ्यास पाच देशांतल्या २१०४ रुग्णांवर झाला. पहिल्या २४ तासांतच उठवून वारंवार हालचाल करून घेतलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगले बरे झालेले ४६ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५० टक्के. सुरुवातीची घाई नडते. कधी उठवायचं, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आता आपल्याकडचं. भारतातल्या १४ रुग्णालयांत 'अटेंड' नावाचा अभ्यास झाला, १२५० रुग्णांचा. घरच्यांना शिकवून थेरपी त्यांच्यावर सोपवली. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. हे ऐकून मी खट्टू झाले होते. पण मला त्यातून एक कळलं. नुसतं "घरी करून घ्या" सांगून भागत नाही. किती वेळा, किती अवघड आणि पुढची पायरी कधी, हे ठरवणारा जाणकार लागतोच.

म्हणून तुमच्या थेरपिस्टला तीन प्रश्न विचारा. कुठली दोन-तीन कामं करून घ्यायची? दिवसात किती वेळा? कधी थांबायचं? उत्तरं वहीत लिहा, रोजचे आकडे मांडा. लुळा हात ओढून कुणाला उठवू नका, खांदा दुखावतो. छातीत दुखलं, चक्कर आली की लगेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

बाबांना गिळायला त्रास नाही, हे तपासून झालं होतं. आम्ही कप त्यांच्या हातात दिला, आधी रिकामा, मग थोडं पाणी घालून. आईला ते बघवत नसे, ती आत निघून जायची. चादरी रोज भिजायच्या. आज बाबा दोन्ही हातांनी कप धरून चहा पितात. बटणं अजून लागत नाहीत, कदाचित लागणारही नाहीत. पण ते तीन आठवडे मला परत मिळणार नाहीत. तुमचे जाऊ देऊ नका.