गुणांची रांग



गावातला एखादा शिकलेला मुलगा घरी येऊन सांगतो, "बाबा, कॅनडाला ६७ गुण लागतात. माझे ७० भरले. आता गेलोच समजा!" आणि वडील जमिनीचा तुकडा विकायची भाषा करू लागतात. अशा वडिलांनी आधी हा हिशेब ऐकावा.

परदेशातून कुशल माणसे घेताना गुण मोजायची रीत कॅनडाने १९६७ साली सुरू केली. त्याआधी पुष्कळ वर्षे अर्जदार कुठल्या देशाचा, यालाच मोठे वजन असे. गुण आले, तसा शिक्षण, वय, भाषा आणि कामातले कसब यांना मान मिळाला. तेव्हा १०० पैकी ५० गुण पुरत.

२०१५ पासून मात्र चाळण्या दोन झाल्या. कुशल कामगारांच्या योजनेत पहिली चाळणी १०० गुणांची. तिथे ६७ मिळाले की नुसते दारातून आत. दुसरी १२०० गुणांची. तिथे पास-नापास नाही, रांग आहे. सरकार अधूनमधून वरून हवी तेवढी नावे उचलते. शेवटच्याचे जे गुण, ती त्या खेपेची रेषा. गुण सारखे असले, तर आधी नाव नोंदवणारा पुढे. आमच्या शिक्षक मंडळींना हे नवे नाही. परीक्षेत पास होणे वेगळे आणि गुणवत्ता यादीत नाव लागणे वेगळे!

आता गुण कशाचे? एकट्याने अर्ज करणाऱ्याला २० ते २९ या वयात ११० गुण. पुढे दरसाल घट, पंचेचाळिशीला शून्य. तिथल्या एखाद्या प्रांताने नाव सुचवले, तर एकदम ६००. पण आपल्या हातातली गोष्ट म्हणजे भाषा. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे या प्रत्येकात आठव्या पायरीला २३ गुण, नवव्या पायरीला ३१. चारही मिळून ३२ गुण वाढले, ते केवळ अभ्यासाने.

नाव नोंदवायला सरकार पैसा घेत नाही, बरे का. तेव्हा कोणी "गुण वाढवून देतो" म्हणाला, तर त्याला विचारा, "बाबा रे, मुलाचे वय कमी करणार, की परीक्षेला तू बसणार?" उत्तर मिळेपर्यंत सातबारा पेटीतच राहू द्या.