वारंवार येणारा खोकला : उपचार की उपेक्षा?

(सीमाभागातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आज ज्या विषयावर आपणांशी विचारविनिमय करावयाचा आहे, तो कोणत्याही घराला अपरिचित नाही. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या आपल्या मराठी पट्ट्यात, औराद, भालकी, बसवकल्याण असो की आळंद, थंडी पडली आणि तुरीच्या राशी सुरू झाल्या की घराघरांतून खोकल्याचा आवाज येऊ लागतो. छातीत कफ घुरघुरतो, काही दिवसांनी उतार पडतो, महिना बरा जातो आणि पुन्हा तोच खोकला उलटतो. त्यावर औषधोपचार करावा की तो आपोआप जाईल म्हणून सोडून द्यावा, हा आजचा प्रश्न होय.

“रोगाचे मूळ खासी, भांडणाचे मूळ हासी” असे आपले वाडवडील म्हणत आले. तथापि प्रत्येक खोकला हे रोगाचे मूळ नसते, हेही प्रारंभीच सांगितले पाहिजे. सर्दी-पडशाबरोबर येणारा खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो. तो आठ-दहा दिवसांत, कधी कधी दोन-तीन आठवड्यांत, आपोआप बसतो. प्रतिजैविक औषधांचा विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही. अशा वेळी कोमट पाणी, विश्रांती आणि वर्षापेक्षा मोठ्या मुलांना थोडा मध एवढे पुरेसे असते. खोकल्याची बाटली निरुपद्रवी असते, हाही एक गैरसमजच होय. २०२५ साली मध्य प्रदेशात दूषित औषधाने लहान मुलांचे बळी घेतले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे बजावले आहे.

मग सोडून द्यावयाचे ते कोठवर? याचे उत्तर आरोग्यशास्त्राने स्पष्ट दिले आहे, आणि ते आहे दोन आठवडे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्याला साधा खोकला म्हणू नये. बेडक्याची तपासणी करून घ्यावी. संध्याकाळी अंगात कसर येणे, रात्री घाम सुटणे, वजन घटणे, भूक मंदावणे ही लक्षणे असतील तर मुळीच चालढकल करू नये. बेडक्यात रक्त दिसले, धाप लागू लागली किंवा लहान मुलाचा श्वास जलद चालू लागला, तर दोन आठवडे थांबण्याचेही कारण नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दोन आठवडे खोकला टिकला म्हणजे क्षयच झाला, असा याचा अर्थ नव्हे. चुलीच्या धुराने गृहिणींची छाती भरते. विडी ओढणाऱ्यांना जुनाट दम्यासारखा विकार जडतो. शहाबाद परिसरातील फरशीच्या खाणींत आणि कलबुर्गीच्या डाळ गिरण्यांत काम करणाऱ्यांच्या छातीत धूळ जाते. बालदमाही असू शकतो. मात्र क्षय आहे की नाही हे बाहेरून ऐकून ओळखता येत नाही. ते तपासणीनेच कळते. आणि क्षय नाही असे ठरले, तरी खऱ्या कारणावर उपचार करण्याचा मार्ग मोकळा होतोच.

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. खेड्यातील माणूस अडाणी, तो दुखणे अंगावर काढतो, असा समज सुशिक्षितांत व अधिकाऱ्यांत प्रचलित आहे. या समजाची परीक्षा आपल्याच राज्यात झालेली आहे. बंगळूर येथे १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथील समाजशास्त्रज्ञ डॉ. डी. बॅनर्जी आणि डॉ. स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत जाऊन क्षयरुग्णांना त्यांच्या दुखण्याविषयी विचारले. १९६३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळजवळ सर्व रुग्णांना आपल्याला काही तरी होत आहे याची जाणीव होती. इतकेच नव्हे, तर सुमारे निम्मे रुग्ण उपचारासाठी घराबाहेर पडले होते आणि त्यांतील पुष्कळांनी सरकारी दवाखान्याचा उंबरठाही झिजविला होता. तेथून त्यांना मिळाली ती खोकल्याच्या औषधाची बाटली! रोगी दारापर्यंत आला होता. रोग ओळखला गेला नव्हता.

या निष्कर्षाचा राष्ट्रीय कार्यक्रमावर मोठा प्रभाव पडला. १९६२ पासून क्षयरोगाचे काम वेगळ्या रुग्णालयांपुरते न ठेवता सर्वसाधारण दवाखान्यांतूनच करावे, असे धोरण आखण्यात आले. त्या अभ्यासाला साठ वर्षे उलटली, तरी त्यातील बोध जुना झालेला नाही. आजही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. आजही कित्येक रुग्ण निदानापूर्वी दोन-तीन दारे फिरतात. एके ठिकाणी बाटली, दुसरीकडे सुई, तिसरीकडे भारी गोळ्या. त्यांतील काही प्रतिजैविके क्षयाच्या जंतूंना तात्पुरते दडपतात. रुग्णाला चार दिवस बरे वाटते आणि निदान मात्र महिनाभर लांबते. खोकला दबला म्हणजे रोग गेला, असे नव्हे.

या विलंबाची किंमत केवळ रोग्यालाच द्यावी लागत नाही. उपचाराविना राहिलेला फुप्फुसाचा क्षयरोगी वर्षभरात दहा-पंधरा जणांपर्यंत संसर्ग पोहोचवू शकतो. एका खोलीत झोपणारी मुले आणि घरातील वृद्ध यांना प्रथम धोका असतो. उलट, योग्य औषधे नियमित सुरू झाली की काही आठवड्यांतच संसर्गाची शक्यता झपाट्याने कमी होते.

तपासणी सोपी आहे आणि सरकारी केंद्रात विनामूल्य होते. लाळ नव्हे, खोल खोकून काढलेला बेडका द्यावा. सकाळचा असल्यास उत्तम. नव्या यंत्राने जंतूंची चाचणी काही तासांत होते आणि प्रमुख औषध त्यांना लागू पडेल की नाही, हेही समजते.

सीमाभागातील आपल्या एका अडचणीचाही येथे उल्लेख करतो. आरोग्य केंद्रातील डॉक्टर वा परिचारिका पुष्कळदा कन्नड भाषक असतात आणि आपल्या आजीबाई मराठीतून बोलतात. मराठीत ‘वार’ म्हणजे सोमवार-मंगळवारसारखा दिवस. कन्नडमध्ये ‘वार’ म्हणजे आठवडा. एवढ्याशा शब्दाने दोन आठवड्यांचा खोकला दोन दिवसांचा ठरू नये. म्हणून खोकला कोणत्या तारखेपासून आहे, यापूर्वी कधी आला होता, कोणती औषधे घेतली आणि घरात पूर्वी कोणाला क्षय झाला होता काय, एवढे चार मुद्दे चिठ्ठीवर लिहून न्यावेत. हे काम शाळेतील सातवीचा विद्यार्थीही करू शकेल. आणि केवळ औषधाची बाटली हातात पडल्यास नम्रपणे विचारावे, “डॉक्टरसाहेब, बेडका तपासावयाचा काय?” असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे.

क्षय असल्याचे ठरले, तरी घाबरण्याचे कारण नाही. घरी राहून घेतलेले उपचार रुग्णालयात राहून घेतलेल्या उपचारांइतकेच गुणकारी ठरतात, हे मद्रास येथील अभ्यासाने १९५९ सालीच दाखवून दिले. साध्या क्षयाला सामान्यतः सहा महिने औषधे घ्यावी लागतात. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन. लघवीला तांबूस-नारिंगी रंग येतो तो औषधाचा. त्याने भिऊ नये. महिन्या-दोन महिन्यांत अंगात शक्ती येते आणि नेमके तेव्हाच गोळ्या सोडण्याचा मोह होतो. अर्धवट उपचारांनी जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. कामासाठी हैदराबाद, पुणे वा मुंबईस जाणाऱ्यांनी केंद्राला आधी कळवावे. नोंद असल्याने पुढील औषधे तेथे मिळू शकतात. पोषणासाठी सरकारकडून मिळणारे दरमहा ५०० रुपयांचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहे. राष्ट्रीय मदत दूरध्वनी १८००-११-६६६६ हा आहे.

उपचारांच्या मार्गातील सर्वांत मोठा अडसर औषधाचा नसून लोकापवादाचा आहे. मुलीचे लग्न मोडेल, सून माहेरी धाडली जाईल, या भीतीने खोकला पदराआड दडविला जातो. ज्या घरात रोग लपवावा लागतो, त्या घरात तो पसरतो. बरा झालेला क्षयरोगी इतरांसारखाच संसार करतो, शेत कसतो, शाळा शिकवितो. भांडी वेगळी मांडून काही साधत नाही. खोकताना तोंडावर फडके धरणे, खिडकी उघडी ठेवणे आणि घरातील सर्वांची तपासणी करून घेणे यांनीच खरे संरक्षण होते.

शिक्षकबंधूंनी वर्गात सतत खोकणाऱ्या मुलाच्या पालकांना बोलावून घ्यावे. आशा कार्यकर्त्यांनी घरभेटीत केवळ “खोकला आहे का?” असे न विचारता “किती दिवसांपासून आहे?” असे विचारावे. आणि दवाखान्यातील अधिकाऱ्यांनी तुमकूरचा तो धडा सतत डोळ्यांपुढे ठेवावा. रांगेतील दहावा रुग्ण खोकत समोर येतो, तेव्हा बाटली देणे सोपे असते. परंतु तो माणूस कदाचित दिवसाची मजुरी बुडवून, पंधरा-वीस किलोमीटर एस.टी.ने आलेला असतो. तो पुन्हा येईलच, याची खात्री कोणी द्यावी?

सारांश, थोड्या दिवसांच्या साध्या खोकल्याला विश्रांती द्यावी. दोन आठवड्यांच्या खोकल्याला मात्र बाटलीही देऊ नये आणि माफीही देऊ नये. त्याचा बेडका तपासावा. रोग्याने दार ठोठवावे आणि दारामागच्याने ते पूर्ण उघडावे, एवढीच आपणां सर्वांना नम्र विनंती करून मी माझे भाषण संपवितो.