भाताला जोड: किनोआ घ्यावा की घरची वरई?
(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



अलीकडे शहरातल्या दुकानांत किनोआ नावाचे धान्य दिसू लागले आहे. कोणी त्याला क्विनोआ म्हणतात. ‘भात सोडा आणि हे खा, साखर आटोक्यात राहील,’ असा सल्ला नाशकापासून सुरगाण्यापर्यंत पोचला आहे. ज्यांच्या घरी मधुमेहाचे माणूस आहे ते विचारतात, हे आणावे का? आणि ज्यांच्याकडे थोडे पाणी आहे ते विचारतात, हे पेरावे का? दोन्ही प्रश्नांचा आज विचार करू.

किनोआ मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पेरू आणि बोलिव्हिया या देशांतले डोंगरी शेतकरी हजारो वर्षांपासून तो पिकवतात. हे गवतवर्गातले तृणधान्य नव्हे. आपल्या चाकवताच्या कुळातले हे झाड, आणि आपला राजगिराही त्याचा नातलगच. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे वर्ष किनोआ वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून त्याचे नाव जगभर झाले.

आता गुण पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या किनोआत प्रथिने सुमारे १३ ग्रॅम आणि चोथा, म्हणजे तंतुमय भाग, १४ ग्रॅमच्या वर. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात प्रथिने सुमारे ८ ग्रॅम आणि चोथा ३ ग्रॅमांहून कमी. चोथा जास्त असला की पोट लवकर भरते आणि रक्तात साखर सावकाश चढते. तेव्हा किनोआ चांगला आहे, यात शंका नाही.

पण त्याची किंमत तांदळाच्या कित्येक पट आहे. एकट्या आजारी माणसापुरता तो आणता येईल. पाच-सात माणसांच्या घराला रोज परवडणार नाही. आणून पाहायचाच असेल तर एक काळजी घ्या. दाण्यावर कडवट थर असतो. दाणे पाण्यात भिजवून, हाताने चोळून, फेस येईनासा होईपर्यंत धुवा. मग एक वाटी दाण्यांना दोन वाट्या पाणी घालून मंद आचेवर पंधरा मिनिटे शिजवा.

आता आपल्या शिवाराकडे वळू. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत खाचरात भात आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, खुरासणी ही जुनी रीत. वरईचे तूस काढले की भगर. ती भातासारखीच मोकळी शिजते, आमटीबरोबर खाता येते. त्याच तक्त्यांनुसार १०० ग्रॅम वरईत प्रथिने सुमारे १० ग्रॅम आणि चोथा साडेसात ग्रॅमांच्या वर. म्हणजे किनोआच्या खाली, पण पांढऱ्या तांदळाच्या पुष्कळ वर. प्रथिनांची उरलेली तूट उडदाची किंवा तुरीची वाटीभर आमटी भरून काढते. नागलीचे तर विचारूच नका: १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि पांढऱ्या तांदळात १० मिलिग्रॅमसुद्धा नाही.

मग अडते कुठे? वरई तयार झाली की आपण ती तुसासकट व्यापाऱ्याला घालतो. ती नाशिकच्या भगर मिलमध्ये जाते, आणि एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र आले की तीच भगर आपण दुकानातून चढ्या भावाने विकत आणतो. एरवी घरात रेशनचा तांदूळ दोन्ही वेळा. पूर्वी बायका उखळात वरई कांडत. ते कष्ट फार होते, म्हणून ती मागे पडली, हे खरे. पण आज तूस काढणारी लहान यंत्रे मिळतात. बचत गटाने मिळून एक यंत्र घेतले तर गावाची वरई गावातच भरडली जाईल.

म्हणून माझे सांगणे असे की सगळी वरई विकू नका. पाच माणसांच्या घरात आठवड्यातून तीन वेळा, माणशी साठ ग्रॅम भगर धरली, तर वर्षाला पन्नास किलोच्या आत लागते. तुसाची घट धरून पाऊण ते एक क्विंटल वरई घरासाठी बाजूला ठेवा. भरडताना सांगा, तूस काढा, पण फार पॉलिश करू नका. जास्त पॉलिश केले की चोथा कोंड्यात जातो.

शिजवण्याची रीत सोपी. भगर निवडून, धुऊन, किंचित भाजून घ्या. एका वाटीला अडीच वाट्या उकळते पाणी घाला. झाकण ठेवून दहा-बारा मिनिटांत ती होते. उपासाला शेंगदाण्याची आमटी, एरवी डाळ आणि पालेभाजी. पण ताटभर भगर खाल्ली तर फायदा राहणार नाही, कारण तिच्यातही पिष्ट आहेच. भाताइतकीच किंवा थोडी कमीच वाढा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका. आहार बदलताना डॉक्टरांना सांगा.

आणखी एक इशारा. भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या सणासुदीला येतात. दमट जागी राहिलेल्या भगरीला आणि तिच्या पिठाला बुरशी लागते. म्हणून वरई कडक उन्हात वाळवून कोरड्या कणगीत तुसासकट ठेवा आणि लागेल तशी भरडा. सुटे पीठ विकत आणू नका. कुबट वास आला तर टाकून द्या.

राहिला लागवडीचा प्रश्न. किनोआ रब्बीचे, थंडी मानवणारे, कमी पाण्यावर येणारे पीक आहे. राजस्थानात आणि आंध्र प्रदेशात त्याची लागवड झाली आहे. पण भावाचा धडा लक्षात ठेवा. पेरू-बोलिव्हियात २०१४ पर्यंत भाव चढत गेले, देशोदेशी पेरा वाढला आणि पुढच्या वर्षांत भाव कोसळले. तेव्हा घेणारा आधी ठरवा, मगच पेरा, आणि पहिल्या वर्षी एक-दोन गुंठ्यांवर जाऊ नका. वरईचे सुधारित बी आणि सल्ला यासाठी इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा.

भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. वर्ष सरले, पण उतारावरची वरई आपलीच आहे. परदेशी दाणा जरूर चाखून पाहा. मात्र त्याआधी घरची कणगी रिकामी करू नका.