सुरी शस्त्र केव्हा ठरते?



सुरी घरोघरी असते. पण तिला शस्त्र कोणी म्हणत नाही. तीच कमरेला खोचून माणूस परगावी निघाला, तर तो गुन्हेगार ठरेल काय? या प्रश्नाचे उत्तर प्रदेशागणिक बदलते, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब न्यायालयात चालत नाही.

१९५९ चा शस्त्र अधिनियम देशभर एकच आहे. केवळ घरकामासाठी वा शेतीसाठी घडविलेली वस्तू, साधी लाठी किंवा हातातील काठी तो शस्त्र मानीत नाही. तलवार, खंजीर, भाला यांच्या पंक्तीस मात्र ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी त्याच्या नियमांनी बसविली आहे. तथापि बंदुकीला परवाना लागतो, तसा धारदार शस्त्राला सर्वत्र लागत नाही. कलम ४ अन्वये राजपत्रात ज्या प्रदेशाचे नाव आले, तेथेच, आणि अधिसूचनेतील प्रकारांपुरताच, तो आवश्यक होतो. सारा भेद येथून उपजतो.

दिल्लीचेच पाहा. खटक्याने किंवा तत्सम यांत्रिक युक्तीने उघडणारा चाकू, ज्याचे पाते किमान ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे ३ इंच, लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद आहे, तो १९८० च्या अधिसूचनेने तेथे परवान्याच्या कक्षेत आला. म्हणजे चार इंची रामपुरी चाकू ९ इंचांच्या मापात सापडत नाही, पण दिल्लीच्या हद्दीत तो बाळगणाऱ्याला तुरुंग दाखवू शकतो.

स्थळाप्रमाणे काळही पाहावा लागतो. महाराष्ट्रात व गुजरातेत आज त्या त्या राज्याच्या नावाने चालणाऱ्या १९५१ च्या पोलीस अधिनियमाखाली मनाई आदेश निघाला, की शस्त्र अधिनियमाने निर्दोष ठरविलेली लाठीसुद्धा त्या मुदतीत वर्ज्य होते.

शिखांच्या कृपाणाला तर संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. तरीही देशांतर्गत विमानप्रवासात २०२२ च्या आदेशाने त्याचे पाते ६ इंच आणि एकूण लांबी ९ इंच, एवढीच मर्यादा घातली.

या भेदांत लहर नाही. धार तीच असली, तरी गर्दी, दंग्याची भीती आणि धर्मस्वातंत्र्य यांचे वजन प्रत्येक ठिकाणी वेगळे पडते. मात्र जो नियम हद्द ओलांडताच बदलतो, तो हद्दीवरच्या माणसास कळेल अशा भाषेत सांगणे हे शासनाचे कर्तव्य होय. आपण नागरिकांनीही एवढे पाळावे: कामाचे हत्यार कामाच्या सामानात असावे, कमरेला नसावे.