वकिली आणि तिची कमाई



कोर्टातल्या वकिलीवर बोला, असे चालकांनी आम्हांला सांगितले तेव्हा प्रथम हसूच आले. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढचा अभ्यास झाला तो युनियनच्या कचेरीत, जुन्या निकालपत्रांच्या नकला वाचून. काळा कोट अंगावर कधी चढला नाही. परंतु 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक सोय होती. कामगार न्यायालयात वकिलास उभे राहावयाचे तर दुसऱ्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागे; युनियनच्या पदाधिकाऱ्यास मात्र मज्जाव नव्हता. त्या दाराने आम्ही आत शिरलो आणि पंचवीसएक वर्षे कामगारांची गाऱ्हाणी मांडीत आलो. तो कायदा आता गेला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे.

समोर पुष्कळ तरुण मंडळी दिसतात, त्यांचे आईवडीलही दिसतात. त्यांचा प्रश्न आम्हांला ठाऊक आहे: यात पोट भरते काय? त्याकडे येतोच. आधी आपल्याच गावची एक गोष्ट सांगतो.

आपली जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, ऑगस्ट 1949 मध्ये चालकांनी बंद केली. 9 जानेवारी 1950 रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार आपल्या हाती घेतला. चिरंजितलाल चौधरी नावाचे एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. एकाच गिरणीला हा कायदा का, बाकीच्यांना का नाही, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड वाटतो की नाही? पण 4 डिसेंबर 1950 रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी अर्ज फेटाळला गेला. समतेच्या मुद्द्यावर बहुमताचे म्हणणे असे की, दुसऱ्या गिरण्यांचीही अशीच स्थिती होती हे दाखविण्याचे ओझे अर्जदाराचे, आणि तशी माहिती त्याने पुढे ठेवलेली नाही. पुढे सरकारनियुक्त संचालकांनी अर्धवट भरलेल्या शेअरांवर प्रत्येकी 50 रुपये मागितले, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाने दावा लावला. मुंबईस हरून तो दिल्लीस गेला आणि 18 डिसेंबर 1953 रोजी जिंकला. गिरणी तीच आणि वटहुकूमही तोच. पण या माणसाच्या खिशाला कोठे हात लागला हे बोट ठेवून दाखविता आले. दोन्ही वेळा भांडण भागधारकांचे होते. ज्यांची चूल त्या गिरणीवर पेटत होती त्यांचे नाव पक्षकारांत नव्हते, हे जाता जाता सांगितल्यावाचून राहवत नाही.

तरुण वकिलास आमचे पहिले सांगणे यातूनच निघते. कलम पाठ असणे ठीक, पण अशिलाच्या घरी जाऊन बसा. पूर्व भागातला विणकर घरी तेलुगू बोलतो, अक्कलकोटकडचा कानडी. जबानी मात्र मराठीत लिहिली जाते. ‘मग मी गेलो नाही’ असे एक जण उलटतपासणीत बोलून गेला. फाटकावर अडवले म्हणून गेलो नाही, हे त्याच्या मनात होते. कागदावर उतरले ते नोकरी आपण होऊन सोडल्यासारखे. शेजारी भाषा कळणारा वकील असता तर तेथल्या तेथे खुलासा झाला असता.

आता कमाईचे. सनद मिळाल्यावर पहिली चारपाच वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली तारखा टिपण्यात आणि नकला काढण्यात जातात. त्यात घरभाडे सुटत नाही. घरात दुसरी मिळकत नसेल तर दिवाणी, अपघाताचे, बँकेचे काम धरावे आणि आठवड्यातला एक दिवस कामगार न्यायालयास द्यावा. मालकांचे वकीलपत्र घेणाऱ्यांचा आम्हांला राग नाही. हजेरीपट नीट ठेव, असे मालकास बजावणारा वकील आमचेही निम्मे काम करतो. राग आहे तो तारखेवर तारीख मागून फी पिकविणाऱ्यांचा. त्यांना पैसा मिळतो, पण दहा वर्षांनी त्यांच्या दारात नवा अशील जुन्या अशिलाच्या शिफारशीने येत नाही. तडजोड होण्यासारखी असेल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. फी बुडते, माणूस टिकतो.

दुसऱ्यांस इतके सांगितले, तर स्वतःचेही सांगितले पाहिजे. एका यंत्रमाग कारखान्यात नऊ वर्षे राबलेल्या कामगारास काढले होते. त्याची बाजू आम्हीच मांडीत होतो. कामावरून कमी केल्याची भरपाई मागावयाची तर बारा महिन्यांत 240 दिवस काम केल्याचे दाखवावे लागते. आम्ही त्याचे प्रतिज्ञापत्र दिले आणि निश्चिंत राहिलो. समोरच्या वकिलाने 2002 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला: कामगाराचे नुसते प्रतिज्ञापत्र हा पुरेसा पुरावा नव्हे. आम्ही मालकाकडून हजेरीपट मागविण्याचा अर्जच केला नव्हता. तो अर्ज एका पानाचा असतो. दावा गेला. मालकाला दोष देऊन आम्ही त्या दिवशी घरी आलो, पण चूक आमची होती. चांगल्या वकिलाने तो अर्ज पहिल्याच तारखेस केला असता.

तो गृहस्थ आता अशोक चौकाजवळ भाजीची गाडी लावतो. मागल्या दिवाळीत भेटला. म्हणाला, “अण्णा, घर आवरताना बायकोच्या ट्रंकेत एक वही निघाली. दर आठवड्याचा पगार तिने लिहून ठेवलाय, आणि दर पानाखाली कारखान्याच्या हिशेबनिसाची सही आहे. चालेल का आता?” आम्ही त्याच्या गाडीवरून अर्धा किलो वांगी घेतली. ती वही घरात आहे काय, हे त्याला आम्ही कधी विचारलेच नव्हते.