किराया कोणाच्या हातात?

(मोर्शी येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मोर्शीत घर किरायानं देणं आपल्याला नवं नाही. पोरं अमरावती-पुण्याला गेली, बापही गेला, की घरात आई एकटी उरते. मग बैठकीच्या खोलीला रस्त्याकडून दार फोडतात, मागच्या पडवीत मोरी काढतात, एका घरात तीन बिऱ्हाडं होतात. नळ आला की भांडणं मिटवायची बाईनं, लाइटबिलाचा हिशेब करायचा बाईनं. करारावर सही मात्र मुलाची. एक मावशी मला म्हणाल्या, "किराया येते बाई, पन औषधाले मले पोरालेच मागा लागते."

हा पैसा पोराचा कसा झाला? नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. किरायातही तोच हिस्सा. (मुस्लिम बहिणींचा वारसा वेगळ्या कायद्यानं चालतो, त्यावर पुढच्या खेपेला बोलू.)

१९५६ च्या या कायद्यात कलम २३ होतं. वाटा दिला, पण राहत्या घराला कडी लावली. सबंध घरात कुटुंबच राहत असेल, तर भाऊ वाटणी करतील तोवर बहिणीनं ती मागायची नाही. तिला नुसता राहण्याचा हक्क, तोही ती अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी असेल तरच. आणि गंमत पाहा. घर किरायानं दिलं असेल तर ही कडी लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सांगितलं. परका माणूस राहायला आला तेव्हा कुठं सख्ख्या बहिणीला दार उघडलं! २००५ च्या दुरुस्तीनं ते कलमच गेलं. पण घराघरात ते अजून चालूच आहे. राखीला साडी देतात आणि हक्कसोडपत्र पुढं करतात. मी सही केली नाही. दोन वर्षं माहेरी कोणी बोललं नाही. आई बोलत होती, लपून.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सांगतो, की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. मग त्या कागदावर मालक म्हणून आईचंही नाव घाला. किराया तिच्या बँकखात्यात जाईल असं त्यातच लिहा. खोल्या पाडायच्या आधी नगरपरिषदेत घराची नोंद कोणाच्या नावे आहे तेही पाहा. बाप जाऊन दहा वर्षं झाली तरी कित्येक घरं त्याच्याच नावावर आहेत. पुढच्या बैठकीला घरपट्टीची पावती घेऊन या, एकेक वाचू.